लागणीची तारीख लिहिता, तशी घरातली ही तारीखही लिहा

सभासद बंधू-भगिनींनो,

दर वेळी या पानावर मी बेणे, खत, पाणी आणि खोडकिडा यांविषयी लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीपण गळीत हंगाम आणि घरातले बाळंतपण यांची गाठ आपल्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे पडतेच. त्या वेळी तयारी नसली तर काय होते, ते मी घरीच पाहिले आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जानेवारी महिना, हंगाम ऐन भरात. डॉक्टरांच्या तारखेला अजून बारा दिवस आहेत म्हणून सगळे निर्धास्त. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. शेजारची जीप वऱ्हाड घेऊन परगावी गेलेली. दुसरी गाडी मिळेपर्यंत तास गेला. निघालो, तर वजनकाट्याच्या रांगेने रस्ता अडलेला. पुढे दवाखान्यात रक्त लागले, तेव्हा घरात कुणाचा रक्तगट कोणता हे एकालाही ठाऊक नव्हते. बहीण आणि भाची दोघी सुखरूप राहिल्या. पण ती रात्र देवाच्या भरवशावर निभावली, आमच्या तयारीवर नव्हे.

आपण उसाची लागण केली की गट ऑफिसला तारीख नोंदवतो आणि त्यावरून तोडीचा अंदाज बांधतो. इथेही हिशेब तसाच आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. समजा पाळी १० एप्रिलला आली होती, तर अंदाजे तारीख १७ जानेवारी. सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली असेल तर ती धरावी. मात्र बाळ काही पंचांग बघून येत नाही. सदतीस आठवडे भरले की ते केव्हाही येऊ शकते. म्हणजे वरच्या उदाहरणात २७ डिसेंबरच्या आत सगळी तयारी झालेली पाहिजे. त्या तयारीत पुढील गोष्टी याव्यात.

१) दवाखाना आधी ठरवा. बाळंतपण घरी करू नका. सिझेरियनची आणि रक्ताची सोय जवळात जवळ कुठे आहे, ते आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे.

२) गाडी एक नव्हे, दोन सांगून ठेवा. १०२ आणि १०८ हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा. हंगामात काट्याकडचा रस्ता टाळून जाणारी वाट दिवसाउजेडी एकदा पाहून या.

३) रक्तगट आणि माणसे. गरोदर बाईचा रक्तगट कार्डावर लिहिलेला असतोच. तिच्याखेरीज रक्त देऊ शकतील अशा दोन धडधाकट माणसांची नावे ठरवा. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

४) पैसा. उसाचे बिल जमा झाले की बघू, असे म्हणू नका. थोडी रक्कम आधीच बाजूला काढा.

५) पिशवी. कार्ड, तपासण्यांचे कागद, आधार, बाईचे दोन जोड कपडे, धुतलेली मऊ फडकी, दोन-तीन दुपटी, टोपडे. बाळ येण्याआधी नवे कपडे घेत नाहीत, ही रीत असेल तर असू द्या. जुने सुती लुगडे स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवले की काम भागते.

६) खोली. बाळंतिणीच्या खोलीतून खताची पोती आणि तणनाशकाचे डबे आजच हलवा. कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर करू नका.

आता थांबायचे केव्हा नाही, ते सांगतो. अंगावरून रक्त जाणे, कळा नसतानाही पाणी जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणे, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणे. यातले एक जरी दिसले तरी सकाळ होण्याची वाट न पाहता निघावे. "पहिलटकरणीला वेळ लागतोच" हे वाक्य त्या वेळी घरात कुणी बोलू नये.

बाळ झाल्यावरचे ठरावही आधीच करावेत, कारण त्या घाईत वडीलधाऱ्यांशी वाद नको. गाय व्याली की वासराला पहिल्या तासात चीक पाजतो, खरवस होतो तो उरलेल्या चिकाचा. मग आपल्याच बाळाला आईचा चीक का नको? पहिल्या तासातच अंगावर पाजावे. मध नको, गुटी नको, आणि साखर कारखान्याच्या अंकात लिहितोय तरी सांगतो, साखरेचे पाणीसुद्धा नको. पहिला दिवस अंघोळ न घालता बाळाला कोरडे व उबदार ठेवावे. नाळेला राख, हळद, तेल काही लावू नये. बी.सी.जी., पोलिओ आणि कावीळ 'ब' या लसी टोचून-पाजूनच घरी यावे, आणि २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोड करणाऱ्या टोळीतही दिवस भरत आलेली एखादी बाई मोळी वाहताना दिसते. ती आपल्या गावची नाही, म्हणून तिचे नाव इथल्या यादीत नसण्याचा संभव असतो. मुकादमाला विचारा, आशाताईंना कोपीवर घेऊन जा. वर सांगितलेल्या मोफत सोयी तिलाही आहेत, तिचे गाव कोणत्याही जिल्ह्यात असो. तिच्या पोटातल्या जिवाची काळजी ऊस मालक म्हणून आपल्याकडेही थोडी येते.

उसाची तोड आठ दिवस लांबली तर वजनात घट येते, आणि ती आपण पुढच्या हंगामात भरून काढतो. इथे तसे नसते. म्हणून ज्या डायरीत लागणीची तारीख लिहिली आहे, त्याच पानावर घरातली ही तारीखही आज लिहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी