छप्पन्न धाग्यांचा ताणा

टोपली उचलली तेव्हा वाळूत काहीच दिसले नाही. मग वाळू मध्येच जराशी खचली, तिथून काळ्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखे एक नाक वर आले, आणि पाचेक मिनिटांत कासवाची तीस-चाळीस पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत बाहेर पडली. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावरची ती सकाळ. मी अंडी राखणाऱ्या कासवमित्राला विचारले, "यातले नर किती, माद्या किती?" तो म्हणाला, "ते वरून नाय कळत दादा. ते वाळूनं ठरवलंय."

या उत्तराने मला माझ्या कोन गावापर्यंत सोबत केली. आमचे कोन दुर्गाडी किल्ल्याच्या समोर, खाडीच्या भिवंडीकडच्या काठावर आहे. पुलावर उभे राहिले की भरतीचे पाणी कल्याणकडे चढताना दिसते. अरबी समुद्राशी आमचे नाते एवढेच. पण घरी आल्यावर प्रश्न सुटेना. आपल्यात नर की मादी हे एक्स आणि वाय या गुणसूत्रांवर ठरते. ते काम कासवात वाळू करत असेल, तर कासवाच्या गुणसूत्रांत आहे तरी काय?

तुपळी कासवाची, म्हणजे ऑलिव्ह रिडलेची, गुणसूत्रे आपल्याकडे मोजली गेली ती ओडिशात. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातल्या भुण्या आणि प्रियंवदा मोहंती हेजमाडी यांनी १९८६ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. प्रियंवदाबाई प्राणिशास्त्रज्ञ होत्या, तशाच ओडिशी नृत्याच्या नावाजलेल्या कलावंतही. बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापून त्याला 'अ' जीवनसत्त्व दिले, तर शेपटीच्या जागी पाय फुटतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले आणि १९९२ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आले. मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हे मोजण्याचे काम सहसा असे चालते. कासवाच्या मानेतून थोडे रक्त काढतात. कासवाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते, पण ती पेशी विभागत नाही. म्हणून पांढऱ्या पेशी पोषक द्रवात ठेवून त्यांना विभागायला भाग पाडतात, आणि तेही माणसाच्या ३७ अंशांवर नाही, कासवाला मानवेल अशा कमी तापमानावर. गुणसूत्रे आखडून नीट दिसू लागतात त्या टप्प्यावर कोल्चिसिनने विभाजन अडवतात. मग पातळ क्षारद्रावणात पेशी फुगवतात आणि काचपट्टीवर वरून थेंब सोडतात. पेशी फुटते, गुणसूत्रे पसरतात, जिएम्साच्या रंगाने ती जांभळी होतात. त्यांचा फोटो काढून, एकेक तुकडा अलग करून, लांबीप्रमाणे जोड्या लावायच्या. पूर्वी हे कात्रीने होत असे.

तुपळीच्या जोड्या २८ भरतात, म्हणजे गुणसूत्रे ५६. इतर सागरी कासवांत हिरव्या कासवाची ५६, लॉगरहेडची ५६, हॉक्सबिलची ५६. यांच्यापासून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या, पाठीवर टणक कवचाऐवजी चामडे असलेल्या अजस्र लेदरबॅकचीही ५६. मांडणीही जवळपास तीच: मोठी २४ आणि ठिपक्याएवढी बारीक ३२. या सगळ्यांत एकही जोडी नराची वा मादीची म्हणून ओळखता येत नाही.

भिवंडीच्या माणसाला यातून यंत्रमागच आठवणार. बीमवर ताण्याचे उभे धागे एकदा चढले की त्यांची संख्या ठरली. त्याच ताण्यावर आडवा बाणा बदलून साधे कापड निघते, आडव्या पट्ट्यांचेही निघते. सागरी कासवांचा ताणा छप्पन्नाचा.

या ५६ चे मोल कळायला शेजारी बघावे लागते. सह्याद्रीतल्या भेकराच्या मादीत गुणसूत्रे फक्त ६, नरात ७. चीनमधल्या त्याच्या सख्ख्या चुलतभावाकडे ४६. हरणांच्या एका लहानशा कुळात तुकडे एवढे जोडले गेले. कासवांच्या इतर कुळांतही आकडा हलतो. आपल्या तळ्या-ओढ्यांतल्या फ्लॅपशेल कासवाची ६६, तर दक्षिण अमेरिकेतल्या काही नदीकासवांची २६ किंवा २८. सागरी कासवे मात्र जागची हलली नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन बिकम यांनी रंगवलेल्या गुणसूत्रांवरचे पट्टे कुळाकुळांत ताडून पाहिले आणि १९८१ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडले की, कासवांत गुणसूत्रे बदलण्याचा वेग काळाबरोबर मंदावत गेला. त्या लेखाच्या शीर्षकातच वीस कोटी वर्षांची गुणसूत्रे होती.

आकडा सारखा असण्याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. वीटभट्टीवर राबणाऱ्या गाढवाची गुणसूत्रे ६२, घोड्याची ६४. खेचराच्या वाट्याला ६३ येतात, जोड्या जुळत नाहीत आणि खेचराचा वंश तिथेच थांबतो. ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यावर याउलट घडते. तिथे दिसायला हॉक्सबिल असलेल्या माद्यांपैकी दहात चारांहून अधिक माद्यांत लॉगरहेडच्या आईचा वारसा सापडला, असा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या अभ्यासांत या संकरातून झालेली पुढची पिढीही आढळली. या दोन जाती वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षे झाली, तरी ताणा जुळतो.

मग फरक कुठे आहे? यावर चांगला उजेड २०२३ मध्ये पडला. अमेरिकेतले आणि बर्लिनचे संशोधक असलेल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने हिरवे कासव आणि लेदरबॅक यांचे जनुकसंच गुणसूत्रागणिक पूर्ण वाचले. प्रत्येकी दोन अब्जांहून थोडी अधिक अक्षरे. दोघांच्या वाटा सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, तरी जनुकांचा क्रम थक्क व्हावे इतका सारखा निघाला. जिथे क्रम विस्कटला होता त्या जागा बऱ्याचशा त्या बारीक गुणसूत्रांत होत्या, आणि तिथेच वास ओळखणाऱ्या व रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या प्रतींत तफावत होती. हिरव्या कासवाकडे गंधाची जनुके कितीतरी जास्त. किनाऱ्याजवळच्या गवतात चरणाऱ्याला वासांची बाराखडी मोठी लागते. खोल समुद्रात जेलीफिशमागे जाणाऱ्या लेदरबॅकला तेवढी नको असावी. लेदरबॅकच्या संचात विविधताही फार कमी आढळली, आणि ही मला या साऱ्या अभ्यासातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. जे ठिपके एके काळी फोटोत नीट मोजणेही जड जाई, ते आज सर्वांत बोलके ठरले.

आणि नर-मादीचे? अंडी वाळूत असतात त्या काळाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ते ठरते. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर वाळू गेली तर माद्या वाढतात, खाली राहिली तर नर. कोकणात अंडी मुख्यत्वे हिवाळ्यात पडतात आणि फाल्गुन-चैत्रात पिल्ले निघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये वेळासला संवर्धन सुरू केले. तेव्हापासून पहाटे पाऊलखुणा शोधून अंडी कुंपणातल्या वाळूत हलवली जातात. तो खड्डा किती खोल, त्यावर ऊन किती, याला म्हणूनच एवढे महत्त्व. जे आपल्याकडे एका गुणसूत्रावर ठरते, ते इथे कासवमित्राच्या हातावर आहे.

गुणसूत्रे मोजून ओडिशातल्या गहिरमाथ्याचे तुपळी कासव कोकणातल्या गुहागरच्या तुपळीपासून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची अक्षरे वाचावी लागतात. पूर्व किनाऱ्यासाठी तो अभ्यास कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि भारताच्या तुपळ्या या जातीच्या फार जुन्या शाखेतल्या असल्याचे त्यातून दिसले. कोकणातल्या माद्या कुठे जातात हे पाहण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा'च्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला रात्री एक मादी वर आली. तिच्या पुढच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेला. हजारो किलोमीटरचा समुद्र कापून तिने कोकणच्या वाळूत खड्डा खणला, अंडी घातली, मागच्या वल्ह्यांनी वाळू थोपटली आणि पुन्हा पाण्यात गेली.