नर्सिंगच्या परवाना परीक्षेसाठी किती अभ्यास लागतो?

चिंचपाडा, नवापूर, विसरवाडी या भागातले पालक आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारतात: "मुलगी नर्सिंग करतेय, लायसन्सची परीक्षा पास व्हायला किती महिने अभ्यास करावा लागेल?" चिंचपाड्यात मिशनचा दवाखाना कित्येक वर्षांपासून आहे, त्यामुळे नर्सचं काम काय असतं हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण परवान्याबद्दल बराच गैरसमज आहे. तो आधी दूर करूया.

भारतात वेगळी परीक्षा नाही

महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची शेवटची परीक्षा पास झालं की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हीच नोंदणी म्हणजे परवाना. त्यासाठी आज आणखी एखादी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणजे खरा अभ्यास जीएनएमच्या 3 किंवा बीएस्सीच्या 4 वर्षांतच होतो. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे पास व्हावं लागतं, आणि लेखी-प्रात्यक्षिकाला किमान 80 टक्के हजेरी लागते. वॉर्डातली ड्युटी तर पूर्ण भरावीच लागते. लग्नकार्यासाठी मुलीला आठ-आठ दिवस घरी बोलावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

एक महत्त्वाची गोष्ट: प्रवेश घेण्याआधी कॉलेजला मान्यता आहे की नाही ते बघा. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. एएनएम हा 2 वर्षांचा वेगळा कोर्स आहे. त्यावर परदेशातल्या 'रजिस्टर्ड नर्स'च्या परीक्षेला बसता येत नाही.

परदेशासाठी परीक्षा आहे

सौदी, दुबई, अबूधाबी, कतार अशा ठिकाणी कॉम्प्युटरवर पर्यायी प्रश्नांची परीक्षा असते. त्याशिवाय कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते आणि साधारणपणे अनुभवही मागतात. अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा जास्त अवघड आहे. त्यात कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न असतात, वेळ 5 तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. टक्केवारी मिळत नाही, फक्त पास किंवा नापास. नापास झालं तर 45 दिवस थांबावं लागतं, आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्यांमध्ये पास होणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदा बसणाऱ्यांपेक्षा बरंच कमी असतं. म्हणून "बसून तर बघू" असं करू नये.

मग किती तास?

आमचा अंदाज असा: नुकतंच पास झालेल्या मुलीने आखाती परीक्षेसाठी 3 महिने रोज अडीच तास, म्हणजे साधारण 225 तास द्यावेत. कोर्स सोडून तीन-चार वर्षं झाली असतील किंवा एनक्लेक्स द्यायची असेल, तर 5 ते 6 महिने धरा. नाईट ड्युटी असेल त्या आठवड्यात रोजचा एक तासही पुरे, पण खंड पडू देऊ नका. रमजानमध्ये सहरीनंतरचा तास चांगला जातो.

पहिला महिना उजळणीचा, दुसरा रोज 50 प्रश्न सोडवण्याचा, तिसरा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवण्याचा. चुकलेला प्रश्न वहीत लिहा आणि का चुकला तेही लिहा. नुसत्या पाठांतराने भागत नाही. उदाहरणार्थ, डिगॉक्सिन द्यायचंय आणि मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला 52 आहेत, तर काय कराल? औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे वॉर्डात नीट लक्ष दिलेली मुलगी लगेच सांगते. हिशेबही यायला हवा: 1000 मिली सलाईन 8 तासांत, एका मिलीला 20 थेंब, तर मिनिटाला 42 थेंब.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलींना इंग्रजीची भीती वाटते. प्रश्न रोज मोठ्याने वाचले की दोन-तीन महिन्यांत ती कमी होते.

एजंटपासून सावध

"पैसे द्या, पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोट्या मार्गाने मिळवलेला निकाल उघडकीस आला तर पुढची दारंही बंद होतात. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आखाती देशांत नर्स पाठवण्याबाबत 2015 पासून केंद्राचे नियम आणखी कडक आहेत.

काही घरांत अजूनही विचारतात, आपल्या मुलींनी हे काम करावं का? मदिनेत हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद (रजि.) यांना तिथेच ठेवलं होतं. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. आता मुलीला घरात रोज अडीच तासांची शांतता द्या. स्वयंपाकघरातलं तिचं काम थोडे दिवस भावाने केलं तरी चालेल. बाकी मेहनत ती करेल, इन्शाअल्लाह.