घाम मोजणारी पट्टी

लांब पल्ल्याच्या धावपटूला सगळे बजावतात, भरपूर पाणी पी. हा सल्ला अर्धवट आहे, आणि कधी कधी जिवावरही बेततो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के जणांचं सोडियम नको इतकं खाली गेलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन उलट वाढलं, त्यांना हा धोका जास्त. त्यांनी घामापेक्षा पाणी जास्त घेतलं होतं.

मग प्यायचं किती? कुणाचा तासाला अर्धा लिटर घाम जातो, कुणाचा दोन लिटर. त्यातलं मीठही माणसागणिक कित्येक पटींनी बदलतं.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने विकसित केलेली पट्टी हाच फरक दाखवते. हाताच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या या पट्टीत अतिशय बारीक नळ्या असतात. घामग्रंथींच्याच दाबाने घाम त्यांत शिरतो. तो किती पुढे सरकला यावरून घाम येण्याचा वेग कळतो. दुसऱ्या नळीत घामातल्या मिठाच्या क्लोराइडमुळे रंग बदलतो. मोबाइलने फोटो काढला की ॲप हिशोब मांडतं.

पट्टी बघते ती मात्र त्वचेच्या तेवढ्याच तुकड्याला, संपूर्ण शरीराचा आकडा अंदाजच. म्हणून मी वजनकाट्याचाही आग्रह धरेन. सरावात एक किलो घटलं, तर साधारण एक लिटर घाम गेला. वाटेत प्यालेलं पाणी त्यात मिळवायचं. आणि मे महिन्यातल्या दमट हवेत काढलेला आकडा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला वापरू नका, तेव्हा नव्याने मोजा.