टॉरपीडोच्या कारखान्यातलं वर्तुळ

भौमितिक टॉलरन्स शिकायचं म्हटलं की विद्यार्थ्यापुढे आधी चिन्हांचा तक्ता येतो. तो पाठ होतो, परीक्षेत मार्कही मिळतात. मग कारखान्यात खरं ड्रॉइंग हातात आलं की जॉब नेमका कशावर टेकवून मोजायचा, इथेच अडतं. या विषयाच्या ऐंशीहून अधिक वर्षांकडे मागे वळून पाहताना मला वाटतं, शिकवण्याचा क्रमच आपण उलटा करून टाकला. चिन्हं नंतर आली. सुरुवात झाली ती इन्स्पेक्शनच्या टेबलावर.

हे टेबल होतं स्कॉटलंडमधल्या अलेक्झांड्रियाच्या रॉयल टॉरपीडो फॅक्टरीत. १९३८ च्या सुमारास तिथल्या स्टॅन्ले पार्कर यांच्यापुढे पेच होता तो असा: मापात नापास ठरलेले काही भाग जोडणीत मात्र व्यवस्थित बसत होते. भोकाच्या केंद्राला आडवं आणि उभं ±०.१ मिमी दिलं, तर त्याला फिरायला ०.२ मिमी बाजूचा चौकोन मिळतो. कोपऱ्यात गेलेलं केंद्र मूळ जागेपासून ०.१४ मिमी ढळलेलं असूनही पास. सरळ आडवं ०.१२ ढळलेलं नापास! बोल्टला तर दिशेशी देणंघेणं नसतं, तो फक्त अंतर ओळखतो. पार्कर यांनी चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ धरलं आणि केंद्राला मिळणारी जागा ५७ टक्क्यांनी वाढली, जोडणी तशीच राहून.

याहून मोलाची मला वाटते ती भोकाचं माप आणि त्याची जागा यांची सांगड. भोक १०.० ते १०.२ मिमी चालतं आणि सर्वात लहान भोकाला जागेची सूट ०.१ आहे असं समजा. भोक १०.१५ चं पडलं तर सूट आपोआप ०.२५ होते, कारण बोल्टला तेवढी मोकळीक वाढली. तपासायला ९.९ मिमीच्या पिनांचा एक गेज पुरतो. सगळ्या पिना एकदम आत गेल्या की जागा बरोबर. भोकाचं माप तेवढं वेगळं तपासायचं. विल्यम टेलर यांनी १९०५ मध्येच सांगून ठेवलं होतं की गो गेजने, म्हणजे जो बसायलाच हवा त्या गेजने, पूर्ण आकार एकत्र तपासावा. हा गेज एकदा हातात घेतलेल्या मुलाला पुढचं चिन्ह समजवावं लागत नाही.

पुढे हे ज्ञान मानकांत गेलं: १९४९ चं अमेरिकी लष्करी मानक, १९५७ पासून अमेरिकेचंच वाय १४.५, आणि १९६९ मध्ये आयएसओ ११०१. भाषा नेमकी झाली, पण ड्रॉइंग ऑफिस आणि इन्स्पेक्शन यांच्यात भिंतही उभी राहिली.

१९७२ मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनाच्या नळ्या मोजण्यासाठी टच-ट्रिगर प्रोब बनवला आणि सीएमएमची, म्हणजे बिंदू घेऊन भाग मोजणाऱ्या यंत्राची, चाल बदलली. सोय प्रचंड झाली. मात्र त्याच भोकाचे चार बिंदू घेतले तर एक उत्तर येतं, चाळीस घेतले तर दुसरं. आणि छापील रिपोर्ट हे बोलून दाखवत नाही.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत आयएसओ पाळणारी जर्मन आणि अमेरिकी, दोन्ही प्रकारची ड्रॉइंग येतात. तिथे नवख्यांची खरी परीक्षा होते. अमेरिकी मानकात पिनचं माप दिलं की सर्वात जाड अवस्थेत ती सरळच हवी, हे गृहीत असतं. आयएसओत मापाशेजारी वर्तुळातला ‘ई’ नसेल, तर ते गृहीत धरता येत नाही. चिन्हांचा तक्ता पाठ असलेलाही इथे चुकतो.

२०१८ च्या अमेरिकी मानकाने कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री ही चिन्हं काढूनच टाकली. समोरासमोरच्या बिंदूंचे मध्य शोधत बसणं अवघड, आणि बहुतेक ठिकाणी गरजेचंही नाही. जुन्या ड्रॉइंगांवर मात्र ती अजून दिसतात. ड्रॉइंग वाचणारा आणि डायल लावणारा जिथे शेजारी बसतात, तिथून मग ग्राहकाला विचारणा जाते: हा शाफ्ट बेअरिंगमध्येच फिरणार आहे ना? मग कॉन्सेंट्रिसिटीऐवजी रनआउट दिला तर चालेल का?