साच्यांची वंशावळ

व्हर्जिनियातल्या जेम्सटाऊनच्या उत्खननात एक चमचा मिळाला. त्यावर कारागिराचा शिक्का आहे: त्याचे नाव जोसेफ कोपलँड, गाव चकाटक, साल १६७५. साल उमटवलेली अमेरिकी प्यूटरची सर्वांत जुनी वस्तू म्हणून तो ओळखला जातो. मातीत गाडला गेला म्हणूनच तो वाचला. घरात राहिला असता, तर केव्हाच वितळून गेला असता.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपल्याकडे कल्हईला लागते तेच. त्यात थोडे तांबे किंवा अँटिमनी, स्वस्त मालात शिसे. धातू इतका मऊ की रोज सुरी फिरून ताटलीला चरे पडायचे, आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळणारा, त्यामुळे चुलीजवळ विसरली की गोळा. मग ती कारागिराकडे मोडीत जायची.

ही मोड म्हणजेच कारागिराचा कच्चा माल. इंग्लंडहून येणाऱ्या कच्च्या कथलावर जबर कर होता. तयार भांडी मात्र बिनकराची यायची. अमेरिकेतल्या वसाहतीत भांडी घडूच नयेत, असाच तो डाव. तरीही बोस्टन, फिलाडेल्फिया, कनेक्टिकटमधल्या कारागिरांनी जुनी भांडी वितळवून नवी ओतली. त्यांची ही चिकाटी मला चांदीच्या झळाळीपेक्षा मोठी वाटते.

चांदीची तऱ्हा वेगळी. बँका नव्हत्या, म्हणून साठलेली स्पॅनिश नाणी सोनाराला देऊन त्यांचे पेले, चहादाण्या घडवायच्या. नाणी चोरीला गेली तर ओळखणार कशी? भांड्यावर मात्र मालकाची अक्षरे आणि सोनाराचा शिक्का असे. बोस्टनच्या पॉल रेव्हिअरने १७६८ साली घडवलेला मोठा वाडगा प्रसिद्धच आहे. ब्रिटिश सरकारच्या दटावणीपुढे न झुकलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या ९२ प्रतिनिधींच्या सन्मानार्थ तो घडवला, आणि त्याच्या काठाखाली तो करवून घेणाऱ्या १५ जणांची नावे कोरली. आज तो बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे.

प्यूटरवाल्याची खरी दौलत म्हणजे साचे. ते पितळेचे किंवा काशाचे, अतिशय महाग. आकार बदलायचा तर नवा साचा परवडत नसे. म्हणून फॅशन उलटली तरी ताटली जुन्याच घाटाची निघे. ओतायची, चरकावर कातायची, ठोकून कड बळकट करायची. साचे वारशाने जात. कनेक्टिकटच्या डॅनफोर्थ घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालले. त्यांच्या लेकीचा मुलगा थॉमस डॅनफोर्थ बोर्डमन एकोणिसाव्या शतकात हार्टफर्डला तोच धंदा करत होता. तोवर चिनी मातीच्या बशा स्वस्त होऊन घरोघर पोचल्या होत्या.