पाणी सोडलं कुणी?

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडायला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, वरून हुकूम यावा लागत नाही. धरण भरत भरत पाणी ३४७.५ फुटांच्या खुणेला टेकलं की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उचलला जातो, आणि पातळी उतरली की आपला आपण खाली बसतो. एक दरवाजा उघडला की सेकंदाला १४२८ घनफूट, म्हणजे चाळीस हजार लिटरच्या वर पाणी भोगावती नदीत झेपावतं. राजर्षी शाहू महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाती घेतलेलं हे धरण. एवढं मोठं लोखंड कुणाचाही हात न लागता हलतं, ही आजही थांबून बघावी अशी गोष्ट आहे.

ते पाणी काही तासांनी कोल्हापुरात पोचतं. त्याच्या आधी बातमी पोचते : राधानगरीचे चार दरवाजे उघडले. मग पंचगंगा घाटावर, गंगावेशीत, शिवाजी पुलाजवळ पाणी बघायला जमलेल्या गर्दीत कुणीतरी हमखास विचारतं, “पाणी सोडलं कुणी? आणि नेमकं आत्ताच बरं सोडलं?”

हा प्रश्न मला फार विलक्षण वाटतो. विचारणारा अडाणी नसतो. ‘स्वयंचलित’ हा शब्द दर पावसाळ्यात बातमीतच छापलेला असतो. तरीही पाणी दाराशी आलं की मन त्या दरवाजामागे माणूस शोधू लागतं. माणूस सापडला की त्याचा हेतू शोधतं. आणि हेतू सहसा वाईटच सापडतो.

ही खोड कोल्हापूरची नाही, माणसाची आहे. १९४४ साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोघांनी एक छोटी मूक फिल्म तयार केली. तीत होता एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहान गोल, आणि दार उघडणारा-मिटणारा एक चौकोन. हे आकार पडद्यावर इकडेतिकडे सरकतात, एकमेकांना टेकतात, चौकोनात शिरतात, बाहेर पडतात. बाकी काही नाही. पहिल्या गटातल्या चौतीस जणांना ‘काय दिसलं ते लिहा’ म्हणून सांगितलं. ‘त्रिकोण अमुक दिशेला सरकला’ अशा भूमितीच्या भाषेत लिहिणारा निघाला एकटा. बाकीच्यांनी गोष्टी लिहिल्या. मोठा त्रिकोण दांडगट ठरला, गोल भेदरलेला ठरला, धाकटा त्रिकोण शूर ठरला. कागदाच्या कपट्यांना स्वभाव मिळाले, हेतू मिळाले, चारित्र्यसुद्धा मिळालं.

हालचाल दिसली की तिच्यामागे मन दिसणं ही आपल्या मेंदूची मोठी कमाई आहे. ती नसती तर तान्ह्या बाळाला आईचा चेहरा वाचता आला नसता. पण महापुराच्या आठवड्यात हीच कमाई अंगावर येते.

२०१९ चा ऑगस्ट आठवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर. नदीत शिरायचं सोडून जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरलं आणि नदीकाठापासून दूर असलेला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी बुडाली. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती चतुर्थीच्या तोंडावर पाण्यात गेल्या. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि शहराचा पुरवठाच तुटला. दूध संकलन थांबलं. पेट्रोल अत्यावश्यक सेवेपुरतं उरलं.

अशा दिवसांत गल्लीत काय बोललं जातं? “पंपवाल्यानं माल दाबून ठेवलाय.” “भाजीवाला लुटायलाच बसलाय.” “कंट्रोल रूमवाले मुद्दाम फोन उचलत नाहीत.” “बोट आधी त्यांच्याच गल्लीत गेली, आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.” यांतलं काही खरंही असतं, संकटात हात धुऊन घेणारे असतातच. पण टँकर महामार्गावर पलीकडे अडकलेत हे पंपासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ठाऊक असूनही ते उपयोगी का पडत नाही?

याचं उत्तर ज्या प्रयोगातून मिळतं तो वाचून मी थक्क झालो. १९८८ साली डॅनियल गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही जणांना एका बाईच्या मूक चित्रफिती दाखवल्या. बाई अनोळखी माणसाशी बोलत होती आणि बहुतेक फितींमध्ये ती अस्वस्थ दिसत होती : चुळबुळ करत होती, नजर चुकवत होती. आवाज नव्हता, पण ती कोणत्या विषयावर बोलतेय ते खाली लिहून येत होतं. काहींना दिसणारे विषय साधे होते : प्रवास, पुस्तकं, नवी फॅशन. काहींना दिसणारे विषय कुणालाही घाम फोडतील असे होते : आयुष्यातली फजिती, मनात दडवलेली गुपितं. शेवटी प्रश्न एकच : ही बाई मुळातच घाबरट स्वभावाची आहे का?

ज्यांना अवघड विषय दिसले होते त्यांनी विचार केला, की असल्या प्रश्नांवर कोणीही कावरंबावरं होईल. बाईच्या स्वभावाला कशाला दोष द्यायचा? त्यांनी बाईला संशयाचा फायदा दिला. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. काही जणांवर जादा काम टाकलं होतं : फिती बघताना खाली येणारे विषय क्रमाने पाठ करायचे. म्हणजे जी माहिती बाईला निर्दोष ठरवणार होती, तीच त्यांना घोकायला लावली होती. त्यांनी ती घोकली. ज्यांच्यावर हे काम नव्हतं त्यांच्यापेक्षा त्यांना विषय जास्त चांगले आठवत होते. आणि तरीही त्यांनी निकाल दिला : बाई स्वभावानेच घाबरट.

कारण डोक्यात होतं, तोंडपाठ होतं, पण निकालापर्यंत पोचलं नाही. गिल्बर्टचं म्हणणं असं, की समोरचा काय करतोय हे ओळखल्यावर माणसाबद्दलचं मत आपण दोन टप्प्यांत बनवतो. पहिला टप्पा आपोआप होतो : वागणं दिसलं की स्वभाव ठरला. दुसऱ्या टप्प्यात आपण त्या मताला परिस्थितीची वजावट देतो, आणि या टप्प्याला कष्ट लागतात. मन दुसऱ्या कशात गुंतलेलं असलं की पहिला टप्पा होऊन जातो आणि दुसरा राहून जातो.

आता पुराच्या रात्रीचा विचार करा. एका हातात फोन, त्यावर पातळीचे आकडे. आईची औषधं वरच्या माळ्यावर न्यायची आहेत. रेशनचं धान्य भिजायला नको. गाडी कुठं लावायची? लाईट जाणार, त्याआधी पाणी भरून ठेवायचं. मन इतकं भरलेलं असतं की वजावटीला जागाच नसते. कंट्रोल रूममध्ये एकाच वेळी किती फोन वाजत असतील हे माहीत असतं, पण ते माहीत असणं त्या बाईच्या चर्चेच्या विषयांसारखं बाजूला पडून राहतं. आणि फोन न उचलणारा कारकूनही त्याच अवस्थेत असतो. त्यालाही फोन करणारे सगळे अकारण ओरडणारे, बेशिस्त वाटू लागलेले असतात. दोन्ही बाजूंना पहिलाच टप्पा चालू, दुसरा बंद. अशा वेळी समोरच्याला संशयाचा फायदा देणं हे मला केवळ चांगुलपण वाटत नाही. अपुरा राहिलेला हिशेब पुरा करायचं ते काम आहे.

आपण भारतीय या बाबतीत जरा बरे आहोत असंही एक संशोधन सांगतं, आणि ते जवळच, म्हैसूरला झालंय. जोन मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या आणि शिकागोतल्या माणसांना ओळखीच्या लोकांच्या वागण्याची कारणं विचारली. हे काम १९८४ साली प्रसिद्ध झालं. म्हैसूरच्या एकाने घडलेली हकिकत सांगितली. एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघाला होता. मागचं चाक फुटलं, मागे बसलेला माणूस डोक्यावर पडला. वकिलाने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तो कोर्टाच्या कामाला निघून गेला. मागचा माणूस वाचला नाही. वकील असा का वागला? अमेरिकन लोकांचा कल ‘बेजबाबदार माणूस’ म्हणण्याकडे होता. म्हैसूरचं उत्तर वेगळं : अशील कोर्टात वाट बघत असणार, तिथं पोचणं त्याचं कर्तव्य होतं, तो गांगरूनही गेला असेल, आणि जखम वरून तेवढी गंभीर दिसलीही नसेल.

त्या उत्तरात मला आपल्याकडच्या घरांतली जुनी माणसं ऐकू येतात. “आसंल बाबा काय तरी अडचण, त्याशिवाय न्हाई तो असा वागायचा.” मिलर यांना आणखी एक गोष्ट दिसली. आठ-अकरा वर्षांची मुलं दोन्हीकडे बरीचशी सारखीच बोलत होती. फरक वयानुसार रुंदावत गेला. म्हणजे परिस्थितीकडे बघण्याची ही नजर आपण जन्मासोबत आणत नाही. ती मोठ्यांच्या बोलण्यातून अंगी मुरते.

पण संशयाचा फायदा म्हणजे प्रश्नच न विचारणं नव्हे. यात अलमट्टीचं उदाहरण सगळ्यांत अवघड. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगवट्यामुळे आपल्याकडे पूर येतो, ही कोल्हापूर-सांगलीची जुनी तक्रार. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट नसते, हे शिरोळ तालुका दर पुरात बघतो. त्यामुळे संशय निराधार नव्हता. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० च्या तिच्या अहवालाने त्या पुराचं खापर अलमट्टी आणि कृष्णेवरचाच हिप्परगी बंधारा यांच्यावर फोडलं नाही. सर्वांनी ते मानलं असं नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव हा पुढचा आणि निराळा वाद आहे, त्यात प्रश्न विचारायलाच हवेत. मात्र एक गोष्ट २०१९ च्या पुराच्या आठवड्यात आपल्या बोलण्यात क्वचितच आली : त्याच पावसात, त्याच कृष्णेच्या काठी बेळगाव-बागलकोटची गावंही पाण्यात होती. ज्यांच्या हेतूंवर आपण बोलत होतो ती माणसंही माळ्यावर चढून बसली होती.

आता प्रयाग चिखलीकडे वळू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येऊन जिथं पंचगंगा होते ते हे ठिकाण. शेजारी आंबेवाडी. १९८९ च्या पुरानंतर इथल्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या, पण शेती, गोठे आणि रोजचा संसार नदीकाठीच राहिला. २०१९ साली पाणी चढत असताना बाहेर पडा म्हणून सांगितलं जात होतं, आणि पुष्कळजण थांबले. मग बोटींनी माणसं काढावी लागली. शहरात बसून टीव्ही बघणाऱ्यांचा निकाल ठरलेला : “ऐकतच नाहीत लेकाची.”

अगदी हेच अमेरिकेत घडलं होतं. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स सोडून न गेलेल्यांबद्दल निकोल स्टीफन्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून बघणाऱ्यांना शहर सोडणारे शहाणे, कष्टाळू वाटले आणि थांबलेले आळशी, हट्टी वाटले. थांबलेल्यांशी बोलल्यावर वेगळंच समोर आलं. अनेकांकडे जायला साधन नव्हतं, पुरेसे पैसे नव्हते. आणि ते ‘काही न करता बसलो’ असं सांगतच नव्हते. त्यांच्या बोलण्यात शेजाऱ्यांना धरून राहणं होतं, खंबीर राहणं होतं, देवावरचा विश्वास होता.

चिखलीत थांबलेल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. दावणीला चार म्हशी. त्यातली एक गाभण. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. दावं सोडून द्यावं तर ती प्रवाहात जाणार, बांधून ठेवावी तर जागेवर बुडणार. आणि घराच्या भिंतीवर, किंवा नुसतंच डोक्यात, २००५ च्या इथल्या पुराची खूण पक्की. तेव्हा पाणी पन्नास फुटांच्या आसपास गेलं होतं आणि अमुक पायरीशी थांबलं होतं. ‘त्याच्या वर काय जातंय?’ हा हट्ट नव्हे, हातात असलेल्या सगळ्यांत मोठ्या मापाने केलेला हिशेब होता. माप अपुरं निघालं, कारण २०१९ चं पाणी त्याहून पाच फूट चढलं.

‘हे ऐकत का नाहीत?’ असं विचारलं की उत्तर माणसाच्या डोक्यात शोधावं लागतं, आणि तिथं करण्यासारखं फार काही नसतं. ‘जनावरं न्यायची कुठं आणि कशी?’ असं विचारलं की कामाला लागता येतं : आधी म्हशी हलवायच्या, रस्ता उघडा आहे तोवर ट्रॅक्टर बोलवायचा, सोनतळीला दावण आणि वैरण तयार ठेवायची. पुढच्या पुरांत चिखली-आंबेवाडीची माणसं राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा बघून जनावरांसकट वेळेआधी निघू लागली. स्वभाव तेच होते, माणसंही तीच. ट्रॉलीत आधी म्हशी चढल्या, मग वैरणीच्या पेंढ्या, आणि मागून घरातली मंडळी.