पेटंटचा वाद आणि वस्तूचा धनी

दोन कारखानदारांमध्ये पेटंटविषयी वाद उद्भवला म्हणजे न्यायासनासमोर वादी आणि प्रतिवादी असे दोनच पक्ष उभे राहतात. एकाचे म्हणणे असे की, माझा शोध दुसऱ्याने चोरला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मुळात तो शोधच नव्हे. निर्णय लागतो, नुकसानभरपाई ठरते आणि कायद्याच्या ग्रंथांत त्या निर्णयाची नोंद होते. परंतु या वादात आणखी एक मनुष्य गुंतलेला असतो. त्याने रोख पैसे मोजून ती वस्तू घरी नेलेली असते. पेटंट कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. वादाचा निकाल लागल्यावर त्याच्या हातातील वस्तूचे काय होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी कॅमेऱ्याचे एक प्रसिद्ध प्रकरण आणि आपल्याकडील मोटारसायकलीचे एक प्रकरण अशी दोन उदाहरणे घेतली आहेत.

१. हक्काचे स्वरूप

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा वस्तू बनविण्याचा परवाना आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. तो बरोबर नाही. पेटंट हा दुसऱ्यास रोखण्याचा हक्क होय. भारताच्या पेटंट अधिनियम, १९७० मधील कलम ४८ अन्वये पेटंटधारकाच्या संमतीवाचून ती वस्तू बनविणे, वापरणे, विक्रीस ठेवणे, विकणे अथवा त्यासाठी आयात करणे या गोष्टींपासून इतरांस रोखता येते. या यादीतील ‘वापरणे’ हा शब्द वाचकाने ध्यानी घ्यावा. खुद्द पेटंटधारकाकडून किंवा त्याच्या परवान्याने बनलेली वस्तू विकत घेतली, तर घेणारा ती निर्वेधपणे वापरू शकतो. परंतु भंग करणाऱ्याकडून घेतलेली वस्तू वापरणारा कायद्याच्या अक्षराप्रमाणे स्वतःही भंग करणाराच ठरू शकतो.

ही कठोरता कायद्याने काहीशी सौम्य केली आहे. पेटंटचे अस्तित्व आपणास माहीत नव्हते व ते माहीत असण्यास वाजवी कारणही नव्हते असे प्रतिवादीने सिद्ध केल्यास, कलम १११ प्रमाणे त्याच्याकडून नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब घेता येत नाही. तथापि मनाई हुकमास हे कलम आड येत नाही. शिवाय कलम १०८ अन्वये भंग करून बनविलेला माल जप्त अथवा नष्ट करण्याचा आदेश देण्याची शक्तीही न्यायालयास आहे. व्यवहारात पेटंटधारक घरोघरी जाऊन ग्राहकांवर दावे लावीत नाही. ते खर्चिक असते आणि त्याने लौकिकही जातो. मग ग्राहकाला भय ते कशाचे? या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या प्रकरणात मिळते.

२. कोडॅकचे कॅमेरे

छायाचित्र घेताच ते हाती यावे, ही किमया एडविन लँड यांनी १९४७ साली प्रथम दाखविली, आणि १९४८ पासून त्यांच्या पोलरॉइड कंपनीचे कॅमेरे विकले जाऊ लागले. कोडॅक ही बलाढ्य कंपनी प्रारंभी पोलरॉइडला निगेटिव्ह पुरवीत असे. पुढे तिने स्वतःच या क्षेत्रात उतरावयाचे ठरविले आणि एप्रिल १९७६ मध्ये आपले तत्काळ छायाचित्राचे कॅमेरे बाजारात आणले. त्यानंतर आठवड्याच्या आतच पोलरॉइडने दावा दाखल केला.

दावा चालू असताना विक्री थांबली नाही, हा या प्रकरणातील मर्माचा भाग होय. साक्षीपुरावे १९८१ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, आणि बॉस्टन येथील संघीय न्यायाधीश रिया झोबेल यांनी निर्णय दिला तो सप्टेंबर १९८५ मध्ये. सात पेटंटांचा भंग झाल्याचे त्यांनी ठरविले. मधल्या नऊ वर्षांत कोडॅकने सुमारे १ कोटी ६५ लाख कॅमेरे विकले होते. मनाई हुकूम देताना ग्राहकांच्या व कामगारांच्या हालांची आपणास जाणीव आहे, असे न्यायाधीशांनी नमूद केले. परंतु कोडॅकला सोसावी लागणारी हानी ही तिने मिळविलेल्या यशाचीच दुसरी बाजू आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. हुकूम अमलात आला आणि ९ जानेवारी १९८६ पासून कोडॅकने हा व्यवसाय सोडला.

कोणीही कोणाच्या घरातून कॅमेरा उचलून नेला नाही. तो कपाटात जसाच्या तसा राहिला. नाहीशी झाली ती फिल्म. पोलरॉइडची फिल्म त्यात चालण्यासारखी नव्हती. पोलरॉइडच्या फिल्मवर ज्या बाजूने प्रकाश पडतो त्याच बाजूस चित्र उमटते. कोडॅकच्या फिल्मवर प्रकाश मागच्या बाजूने पडून चित्र पुढच्या बाजूस दिसे. पोलरॉइडच्या पेटीतच विजेची बॅटरी असे, तर कोडॅकची बॅटरी कॅमेऱ्यात असे. तात्पर्य, उत्पादकाचा पुरवठा आटला तेव्हा चांगला चालता कॅमेरा निरुपयोगी ठरला.

कोडॅकने कॅमेऱ्याच्या बदल्यात आपला एक शेअर, दुसऱ्या जातीचा कॅमेरा किंवा सवलतीची कूपने देऊ केली. परंतु एव्हाना इलिनॉय राज्यात ग्राहकांच्या वतीने सामुदायिक दावे दाखल झाले होते, आणि ही अदलाबदल न्यायालयाने थांबविली. १९८८ मध्ये तडजोड झाली. कॅमेऱ्यावरील नावाची पट्टी काढून पाठविणाऱ्यास रोख रक्कम व कूपने मिळाली. पोलरॉइडला मात्र १९९१ मध्ये ९२.५ कोटी डॉलर प्राप्त झाले. कारखानदाराचा हक्क न्यायालयाने पेटंटाच्या कायद्याखाली मोजला. ग्राहकाला आपला हक्क वेगळ्या दाव्याने, वेगळ्या न्यायालयात झगडून मिळवावा लागला.

३. ताबा आणि उपयोग

हेच आपल्याकडे घडते तर ग्राहकाने कोणत्या कायद्याचा आधार घ्यावा? प्रथम आठवतो तो मालविक्री अधिनियम, १९३०. त्याच्या कलम १४ प्रमाणे विक्रेत्यास विकण्याचा हक्क आहे ही अट, आणि खरेदीदारास वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल ही हमी, प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली असते. ही हमी पेटंटपर्यंत पोहोचते काय, याचे उत्तर इंग्लंडमधील १९७५ च्या मायक्रोबीड्स प्रकरणात मिळते. रस्त्यांवर पट्टे आखणारी यंत्रे विकली गेली. विक्रीनंतर दुसऱ्याच कंपनीचे पेटंट प्रसिद्ध झाले आणि तिने खरेदीदारावर हक्क सांगितला. विक्रेता निर्दोष होता, तरीही निर्वेध उपभोगाची हमी मोडली म्हणून तो जबाबदार ठरला. आपले कलम इंग्लिश कायद्याच्याच धर्तीवर असल्याने हा निर्णय आपल्या अभ्यासकासही मार्गदर्शक ठरेल.

परंतु कोडॅकच्या ग्राहकाचे दुःख या हमीत पुरते मावत नाही. त्याचा ताबा अबाधित होता. कोणी त्रयस्थ त्याच्यावर हक्क सांगत आला नव्हता. संपला होता तो उपयोग. कायदा ताब्याचे रक्षण करतो, पुरवठ्याचे नव्हे; आणि ग्राहकाची खरी हानी या फटीत असते.

ही फट सर्वांस सारखी जाचत नाही. पेण तालुक्यात डोलवी येथे धरमतरच्या खाडीकाठी जसा पोलादाचा कारखाना उभा आहे, तसा कारखाना उभारणारा यंत्रे घेताना वकिलांसह वाटाघाटीस बसू शकतो. पेटंटचा दावा आल्यास पुरवठादाराने तो निस्तरावा, सुटे भाग अमुक वर्षे पुरवावेत, अशी कलमे मोठ्या यंत्रखरेदीच्या करारांत सर्रास घातली जातात. त्याच तालुक्यातील पेणच्या बाजारपेठेत फोटोचे दुकान चालविणाऱ्याच्या हाती मात्र केवळ एक पावती पडते. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम आहे. पहिला अधिनियम १९८६ चा, म्हणजे कोडॅकचे कॅमेरे थांबले त्याच सालचा. त्याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या अनुमतीने एकत्र तक्रार करण्याची सोय दोन्हींत आढळते.

४. पुण्याची मोटारसायकल

आता महाराष्ट्रातील प्रकरण पाहू. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीस लहान व्यासाच्या सिलिंडरात दोन स्पार्क प्लग बसविण्याच्या सुधारणेबद्दल २००५ साली पेटंट मिळाले. तमिळनाडूतील टीव्हीएस कंपनीने २००७ मध्ये ‘फ्लेम’ नावाची १२५ सीसीची मोटारसायकल आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, परंतु विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्यास सांगितले, त्यासाठी रिसीव्हर नेमला आणि असे दावे दिवसानुदिवस चालवून शक्यतो चार महिन्यांत निकाली काढावेत असे बजावले. पुढे २०१९ मध्ये उभय कंपन्यांत तडजोड झाली.

ग्राहकाच्या दृष्टीने येथे दोन भेद आहेत. मोटारसायकल पेट्रोलवर चालते आणि पेट्रोल कोणाही पंपावर मिळते. कॅमेरा चालण्यास एकाच कारखान्याची फिल्म लागे. दुसरा भेद आदेशाच्या स्वरूपाचा. ‘थांबा’ असे म्हटले की हानी ग्राहकापर्यंत पोहोचते. ‘विका, परंतु हिशेब ठेवा’ असे म्हटले की ती दोन कंपन्यांच्या खतावण्यांत राहते. दुसरा मार्ग सर्वत्र योग्य असे मात्र नव्हे. प्रत्येक भंग केवळ पैशाने भागत असेल, तर धनाढ्य कंपनी दुर्बल संशोधकाचा शोध खुशाल वापरील व मागाहून किंमत चुकती करील. म्हणून प्रश्न मनाई हुकूम असावा की नसावा हा नसून, आधीच विकल्या गेलेल्या वस्तूंसाठी त्यात सवड ठेवावी काय, हा आहे.

५. उपसंहार

या कथेचा उत्तरार्धही उद्बोधक आहे. २००१ मध्ये पोलरॉइडने दिवाळे काढले आणि २००८ मध्ये तत्काळ फिल्मचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर झाले. जिंकलेल्या कंपनीच्या ग्राहकांवरही तीच पाळी आली. परंतु काही उत्साही मंडळींनी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्यातील यंत्रे मिळविली, आणि २०१० पासून जुन्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा फिल्म निघू लागली. मूळची पेटंटे तोवर मुदत संपून सर्वांसाठी खुली झाली होती.

यावरून असे दिसते की, वादात कोण जिंकतो यावर ग्राहकाचे भवितव्य फारसे अवलंबून नसते. वस्तू आपल्या उपयोगासाठी उत्पादकावर किती परावलंबी आहे, यावर ते अवलंबून असते. आज शाईची छपाईयंत्रे, दूरसंचाची उपकरणे व आज्ञावलीवर चालणारी यंत्रे यांचा प्रसार झाल्याने अशा परावलंबी वस्तू घरोघरी आल्या आहेत. तेव्हा मनाई हुकूम देताना विकल्या गेलेल्या वस्तूंच्या पुरवठ्यापुरती मुदत राखून ठेवणे, आणि त्या मुदतीतील विक्रीचे मूल्य पेटंटधारकास देवविणे, हा तोडगा आपल्या न्यायालयांनी विचारात घेण्यासारखा आहे. त्याने शोधकाचा हक्क बुडत नाही, आणि ज्याचा या भांडणात काहीच अपराध नाही त्याच्या हाती निरुपयोगी डबाही उरत नाही.